लारानोचा तिसरा ओटा

ही घडलेली गोष्ट आहे. पटत नसेल तर इथेच थांबा, माझी काही तक्रार नाही. पण वाचून झाल्यावर "बाई, भास झाला असेल" असं मला सांगायला येऊ नका. भास एकट्यादुकट्याला होतो. आम्ही आठ जण होतो.

निदान सकाळी तरी आठ होतो.

तारीख ११ ऑक्टोबर २०१८. गुरुवार. रात्र नव्हती, वादळ नव्हतं. भर दुपार होती, लख्ख ऊन होतं, आणि द्राक्षांची तोडणी नुकतीच उरकली होती.

जागा इटलीतलं लारानो. माझं गाव.

माझं नाव नीवेस. वय चोपन्न. माझ्याकडे नऊ सीटची गाडी आहे आणि बावीस वर्षं मी एकच काम करते. लोकांना एका दिवसात आमचा मुलूख दाखवायचा. सकाळी खाली दरीतली एत्रुस्कन थडगी, रोमनांच्याही आधी इथे राहिलेल्या लोकांची. दुपारी वर कड्यावरच्या गावात जेवण. मग जुना किल्ला, चर्च, गल्ल्या, आणि दिवेलागणीच्या आत ज्याला त्याला घरी.

माझा एकच नियम. जितकी माणसं नेली, तितकी परत आणायची. आत जाताना मोजते, बाहेर येताना मोजते.

त्या दिवशी लिव्होर्नोच्या एका क्लबातले सात जण होते. लिव्होर्नोची माणसं म्हणजे बंदरावरची, तोंडाला कुलूप नाही. शोकसभेतही टोमणा मारतील. आल्व्हारो नावाचे एक गृहस्थ, आयुष्यभर बंदरात क्रेन चालवलेले. त्यांचे चार दोस्त. आणि दोन बहिणी.

मोरेना एकाहत्तरची. चाळीस वर्षं बाजारात उभी राहून मासे विकलेली, आवाज असा की गाडीच्या काचा थरथराव्यात. धाकटी लोरियाना अडुसष्टची, बारीक, शिवणकाम करणारी. दोघी विधवा. एकाच घरात राहायच्या आणि सकाळपासून भांडत होत्या.

भांडण आईवरून. आई वारून एकवीस वर्षं झाली होती.

"त्या रात्री तू मला दवाखान्यातून घरी पाठवलंस," लोरियाना म्हणाली. "म्हणालीस, जा झोप, आज काही होत नाही. आणि पहाटे आई गेली. मी नव्हते तिथे."

"झालं सुरू," मोरेना म्हणाली. "आल्व्हारो, खिडकी उघड रे, मी उडी मारते."

"मार. पण आधी कबूल कर."

"काय कबूल करू? मेली आई. माझ्या परवानगीने मेली का?"

बाकीचे हसत होते. त्यांना हे पाठ होतं.

मग मोरेना माझ्याकडे वळली.

"काय गं, जेवायला काय आहे?"

"आक्वाकोत्ता," मी म्हटलं. कांदा, सेलरी, टोमॅटो, खाली शिळा पाव, वर अंडं. आमच्याकडचं सूप.

"अरे देवा! पाण्यात बुडवलेला पाव? आमच्याकडे तो कोंबड्यांना घालतात."

"माझी मावशी करते. तिच्यासारखं कुणाला जमत नाही."

"मग आमच्या कोंबड्यांना तुझ्या मावशीचा पत्ता देते!"

सगळी गाडी खो खो हसली. मी नाही हसले. मला राग आला. खरंच आला. एर्सीलिया मावशीने मला लहानाचं मोठं केलंय. मनात म्हटलं, थांब बाई. दुपारी ताट समोर येऊ दे. मग तुला तुझाच शब्द मागे घ्यायला लावते. तेव्हा काय बोलायचं ते वाक्यही मी गाडी चालवता चालवता जुळवून ठेवलं.

हा राग आला नसता, तर मी आज हे लिहीत नसते.

थडग्यांकडे जाणारी वाट डोंगर कापून केलेली आहे. दोन्हीकडे तांबूस दगडाच्या भिंती, चार पुरुष उंच. वर फक्त आभाळाची एक चिंधी. चेस्टनटची काटेरी बोंडं वाटभर पडलेली, पावलागणिक कचकच वाजत होती. पाखरं ओरडत होती. कुणाचा तरी कुत्रा लांबवर भुंकत होता.

मोठ्या थडग्याच्या तोंडाशी आलो, आणि...

पाखरं गप्प झाली.

मी लक्ष दिलं नाही. तिथे असं होतं कधीकधी.

मोजलं. सात. आत शिरलो.

आत एकच खोली. छत घराच्या छपरासारखं कोरलेलं. भिंतीला लागून दगडातच काढलेले पाच ओटे, ज्यांवर ते लोक आपली मेलेली माणसं निजवायचे. चार ओट्यांना दगडाची उशी आहे. तिसरा मात्र सपाट. का, ते कुणालाच ठाऊक नाही.

"आई गं, गुडघे गेले माझे," मोरेना म्हणाली आणि तिसऱ्या ओट्यावर टेकली. "बघू, या लोकांच्या गाद्या कशा आहेत."

"तिथे आडवं होऊ नका," मी म्हटलं.

"का? बुकिंग आहे?"

आणि पर्स लोरियानाकडे देऊन ती सरळ उताणी झाली. छातीवर हात बांधले. डोळे मिटले.

"आल्व्हारो, काढ फोटो. घरी लावा, खाली मेणबत्ती लावा."

"घरात तेवढी शांतता कुणाला सोसायची?" आल्व्हारो म्हणाले. मोबाइल काढला, बोट दाबलं. फोटो निघाला नाही. बॅटरी गेली म्हणाले.

तेवढ्यात...

एक उसासा ऐकू आला. खूप दिवसांनी पाठ टेकलेल्या माणसाचा असतो तसा. लांब, समाधानाचा.

आम्हाला वाटलं मोरेनाच.

मग सगळे बाहेर निघाले. मी दाराशी उभी राहून मोजलं.

एक, दोन, तीन, चार, पाच...

सहा.

आणि मी मनात म्हटलं, बरोबर.

हे लिहिताना माझ्या अंगावर काटा येतो. बावीस वर्षांत माझी मोजणी कधी चुकली नव्हती. तेव्हाही मला ती चुकली असं वाटलं नाही. सहा नेले, सहा आणले. मी टॉर्च बंद केला आणि निघाले.

वर गावात येईपर्यंत गाडीत कुणीच भांडलं नाही. शांत प्रवास झाला. मला वाटलं, चांगली मंडळी आहेत.

मावशीची खानावळ म्हणजे एकच खोली, एकच लांब टेबल. तिने ताटं मांडून ठेवली होती.

आठ.

"मावशी, एक जास्त मांडलंस."

"तूच काल फोनवर म्हणालीस, सात आणि तू."

"सहा आणि मी."

"मी म्हातारी झाले, बहिरी नाही," मावशी फणकारली. "सात म्हणालीस." आणि तिने एक ताट उचललं.

सगळे बसले. वाइन ओतली. मावशीने सूप आणलं. वाफा येत होत्या, अंडं वर थरथरत होतं. माझ्या समोर ताट आलं, आणि मी एकदम मान वर करून म्हणाले,

"आता बोला! आता बोला कोंबड्यांना घालू म्हणून!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

माझं बोट एका खुर्चीकडे होतं. खुर्ची रिकामी होती.

"कुणाशी बोलताय?" आल्व्हारोंनी विचारलं.

मला सांगता येईना. ओठांवर अख्खं वाक्य तयार होतं. पोटात राग होता, ताजा, सकाळचा. पण तो कुणावर आहे तेच आठवेना. दगड उचलावा, नेम धरावा, आणि समोर कुणी नसावं, तसं झालं.

तुम्ही म्हणाल, सोडून द्यायचं. मीही दोन घास खाल्ले. सोडून द्यायचा प्रयत्न केला.

पण मी सहजासहजी राग सोडणारी बाई नाही.

म्हणून मी एकेकाकडे बघत गेले. यांनी माझ्या सुपाला नावं ठेवली? नाही. यांनी? नाही. शेवटी लोरियानाकडे आले. ती चमचा हातात धरून बसली होती. आणि तिच्या मांडीवर...

दोन पर्स होत्या.

एक काळी. एक पिवळी, मोठी, चकचकीत.

"लोरियानाबाई, ही दुसरी कुणाची?"

तिने खाली पाहिलं. "माझीच असेल."

"दोन पर्स घेऊन फिरता?"

"असेल बाई. काय फरक पडतो?"

मी ती तिच्या मांडीवरून उचलली आणि उघडली. रक्तदाबाच्या गोळ्या. लाल लिपस्टिक. रुमालात गुंडाळलेली दोन बिस्किटं. आणि एक ओळखपत्र.

त्यावर एका जाडजूड बाईचा फोटो होता, कॅमेऱ्यावरही डाफरत असलेली. खाली नाव. मोरेना. आडनाव लोरियानाच्या माहेरचं; आमच्याकडे लग्नानंतरही कागदोपत्री तेच राहतं.

मी तो फोटो लोरियानासमोर धरला.

तिने डोळे बारीक केले. "कोण ही? आईसारखी दिसते."

"तुमची बहीण आहे का?"

"मला कुठली बहीण? मी एकुलती एक."

हे ती खोटं बोलत नव्हती. तिचा चेहरा अगदी कोरा होता. पण तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिला ते कळत नव्हतं.

मी उठले. सकाळपासून आम्ही फक्त त्या एका थडग्यात शिरलो होतो, म्हणून गाडीची किल्ली घेतली. मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने ओळखपत्र पाहिलं, लोरियानाचे गाल पाहिले, आणि हळूच म्हणाली,

"तिसऱ्यावर झोपली?"

"तुला ठाऊक आहे?"

"माझ्या आईला ठाऊक होतं. ती म्हणायची, तिथे निजलं की माणूस मरत नाही, राहून जातं. मागे रडायलाही कुणी उरत नाही. सोड, नीवेस. तिन्हीसांजेपर्यंत तूही विसरशील. त्रास होत नाही म्हणतात."

"मला त्रास झालेला चालेल."

"पोरी, ते लोक आपल्या आधीचे आहेत. त्यांच्याशी वाद घालतात का?"

"का नाही घालायचा? माणूस माझं आहे! मी नेलं, मी परत आणणार. आणि तिला तुझं सूप खायला लावल्याशिवाय मी तिला मरू देणार नाही!"

मी लोरियानाला दंडाला धरून गाडीत बसवलं. ती "अहो, कुठे, कशाला" करत राहिली. वाटेत मी ते नाव मोठमोठ्याने म्हणत होते. मोरेना. मोरेना. मोरेना. कारण एका वळणावर...

ते माझ्या तोंडातून गळून पडलं.

पुन्हा ओळखपत्र बघावं लागलं. फोटो अजून होता. पण आता ती बाई कॅमेऱ्यावर डाफरत नव्हती. तिने डोळे मिटले होते.

खोल वाटेत शिरलो. बोंडं पायाखाली होती, पण वाजत नव्हती. मी मुद्दाम पाय आपटले. काही नाही. कापसावर चालल्यासारखं. मी हाक मारली, तर माझा आवाज भिंतींवरून परत आला नाही.

थडग्याच्या तोंडाशी लोरियाना थांबली. "आत कुणीतरी झोपलंय," ती कुजबुजली. "उठवू नका."

मी टॉर्च लावला.

मोरेना तिसऱ्या ओट्यावर होती. सोडून गेलो तशीच, उताणी, हात छातीवर. गालांचा रंग ओट्यासारखा झाला होता. आणि तिच्या डोक्याखाली...

उशी होती. दगडाची. गोल, गुळगुळीत.

बाकी चारही ओटे रिकामे होते. पण त्यांच्याकडून श्वास ऐकू येत होते. संथ, एकाच ठेक्यात. मी श्वास रोखला की तेही थांबायचे.

मी घाबरले का? हो. ते काय लपवायचं. पण त्याहून जास्त मला संताप आला. कुठलीशी दोन हजार वर्षांपूर्वीची मंडळी, आणि माझ्या गाडीतली बाई ठेवून घेतात?

मी मोरेनाचा हात धरून ओढला. गार. जड. जणू ओट्यातूनच उगवलेला.

"लोरियानाबाई, हाक मारा हिला!"

"मी ओळखत नाही हो या बाईंना..."

तिने प्रेमाने हाक मारून ही उठणार नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. प्रेम पुसून टाकलं होतं. माझ्या रागापर्यंत मात्र त्यांचा हात पोचला नव्हता. मग मी तोच धागा धरला; सकाळी लोरियाना आईच्या मरणावरून कुणाशी तरी भांडत होती, तेवढं भांडण माझ्या डोक्यात उरलं होतं.

"तुमची आई गेली तेव्हा तुम्ही कुठे होता?"

तिचा चेहरा बदलला. "घरी. झोपले होते."

"आई मरत होती आणि तुम्ही घरी झोपला होता?"

"मी... मी नव्हते जाणार..."

"मग का गेलात? एवढी झोप प्यारी?"

"नाही!" ती ओरडली. त्या खोलीत पहिल्यांदा आवाज घुमला. "मी नव्हते जात! मला पाठवलं! म्हणाली, जा झोप, आज काही होत नाही..."

"कोण म्हणाली?"

 लोरियाना एक पाऊल पुढे आली. मग दुसरं. ओट्यावर वाकली.

"तू. तू म्हणालीस. तू मला पाठवलंस! एकवीस वर्षं झाली, कबूल करत नाहीस! आणि आता इथे सोंग घेऊन पडलीस? ऊठ! मला उत्तर दे, मोरेना!"

श्वास थांबले. चारही.

मग दगडातून यावा तसा खरखरीत आवाज आला.

"तू... खुर्चीवरून... दोनदा पडलीस."

"काय?"

"पेंगत होतीस." ओठ हलत होते, बाकी काही नाही. "डोकं फुटलं असतं. आईच म्हणाली... धाकटीला घरी पाठव. तिला... बघवणार नाही."

लोरियाना मटकन खाली बसली. "मग सांगितलं का नाहीस?"

"आईने सांगितलं होतं, सांगू नकोस," मोरेना म्हणाली. आणि तिचा एक डोळा उघडला. "आणि तू विचारलंस कधी? नुसती भुंकतेस."

मी आणि लोरियानाने तिला दोन्ही बगलांना धरून खेचलं. ती बसली. उभी राहिली. दोन पावलं टाकली. मग तिच्या खांद्यावरची शाल मागून ताणली गेली. कुणीतरी टोक धरलं होतं. टॉर्च फिरवला तर मागे कुणी नव्हतं. पण शाल हवेत ताठ होती.

"सोड," मी म्हटलं.

शाल आणखी ताणली.

"तुझं नाव मला ठाऊक नाही, तुझी भाषा मला येत नाही. बावीस वर्षं लोकांना तुमचं कौतुक सांगतेय मी, आवाज बसेपर्यंत. पण हे माणूस तुला मिळणार नाही. हिचं भांडण अजून संपलेलं नाही. माझ्याशी पण संपलेलं नाही. सोड!"

आणि मी दोन्ही हातांनी हिसडा दिला. शाल टर्रकन फाटली. आम्ही तिघी उन्हात येऊन पडलो. बोंडं अंगाखाली कचकच वाजली, टोचली. इतकं बरं वाटलं मला त्या टोचण्याने!

मागून आतून... पुन्हा तो उसासा आला. या वेळी समाधानाचा नव्हता.

खानावळीत परतलो तर आल्व्हारो दारातच उभे. "कुठे होतात तिघी? मोरेना, तू नव्हतीस तर जेवताना कानांना इतका आराम होता की झोप लागायला लागली." त्यांना काही ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं. मावशीने मात्र आठवं ताट परत आणून मांडलं.

मोरेनाने सूप प्यायलं. सगळं. पावाने ताट पुसून घेतलं.

"बोला," मी म्हटलं.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली. आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

तिला फार काही आठवत नव्हतं. फक्त, कुणीतरी डोकं हलकेच उचलून खाली उशी सरकवली, एवढं. "हात गार होते," ती म्हणाली. "पण माया होती गं त्यात. तेच वाईट."

दोघी बहिणी अजून लिव्होर्नोत आहेत. अजून भांडतात. नाताळला मला फोन येतो, दोघी एकाच वेळी बोलतात.

गोष्ट इथे संपली असती तर मला झोप लागली असती.

पण त्या गुरुवारनंतर मी माझ्या घरात नीट बघायला लागले. मी एकटी राहते. लग्न केलं नाही. मूल नाही. हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगितलं असतं. मग एक दिवस जिन्याखालचं कपाट उपसताना...

पुरुषाचे बूट निघाले. चव्वेचाळीस नंबरचे. तळवे दोनदा बदललेले. तांबूस माती लागलेले. लेस सोडलेल्या नव्हत्या, घाईघाईने पाय उपसून काढल्यासारखे.

माझ्या वडिलांचा पाय एकोणचाळीसचा होता.

मावशीला विचारलं. ती म्हणाली, "कुणा भाडेकरूचे असतील." मी कधी भाडेकरू ठेवलेला नाही.

मी ते बूट समोर ठेवून रात्र रात्र बसले आहे. एखादं भांडण आठवावं म्हणून. तो घोरायचा का? उशिरा यायचा का? मला काही लागेल असं बोलला होता का? एक वाकडा शब्द सापडला तरी पुरे आहे, पण एकही सापडत नाही. बहुतेक तो चांगला माणूस होता. तिथेच घात झाला.

लोक विचारतात, अजून त्या थडग्यात जातेस? जाते. दर गुरुवारी. मंडळी बाहेर पडली, मोजून झाली, की मी एकटी पुन्हा आत शिरते आणि त्या पाच ओट्यांकडे बघून घसा फोडून शिव्या देते.

"ऊठ, मेल्या! बूट टाकून गेलास माझ्या घरात! कुणी उचलायचे ते? ऊठ!"

अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.

पण गेल्या गुरुवारी मी ओरडायची थांबले तेव्हा... चार श्वासांच्या मागे एक पाचवा होता. तो ठेका चुकत होता.